पोस्टने दात मजबूत होतो म्हणे!

"रूट कॅनाल झालंय ना, मग आत एक पोस्ट टाकून घ्या, दात मजबूत होईल."

हे वाक्य मी आजवर किती जणांच्या तोंडून ऐकलंय याची गणती नाही. दवाखान्यात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि सगळ्यात ठामपणे ऐकलंय ते आमच्याच नातेवाइकांकडून. ज्याने आयुष्यात दाताचा एक्स-रे धड पाहिलेला नाही, तोही हे अशा थाटात सांगतो की जणू स्वतःच्या हाताने दोन-चार पोस्ट बसवलेत. आणि वाक्य पटतंही लगेच. भिंत कच्ची आहे, सळई घाला. स्लॅब टाकायचाय, सळई घाला. दात पोकळ झालाय? घाला सळई!

वाक्य चूक आहे. थोडंफार नव्हे, मुळातच चूक. आणि या चुकीपायी वाचू शकणारे दात लोक घालवून बसतात, तेही पदरचे पैसे मोजून. म्हणून आज जरा चिडूनच लिहितोय, सांभाळून घ्या.

आधीच सांगून टाकतो, मी दातांचा डॉक्टर नाही. माझी हयात चिंचवडला मशीन शॉपमध्ये गेली. पण पुतणी डेंटिस्ट आहे, आणि तिच्या पुस्तकांत नाक खुपसायची मला जुनी खोड. खाली जे काही वैद्यकीय लिहिलंय ते तिने वाचून पास केलंय. राग मात्र सगळा माझा.

तर पोस्ट म्हणजे काय, ते आधी पाहू. दाताचा एक भाग हिरडीच्या वर दिसतो, आणि बाकीचं मूळ खाली हाडात. मध्ये पोकळी, तिच्यात नस. कीड नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल करून ती नस काढतात, नळी साफ करतात आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून टाकतात. इथवर ठीक. पण पुष्कळदा तोवर वरचा दातच किडून, तुटून गेलेला असतो. हिरडीवर चिमूटभर काहीतरी उरलेलं. त्याच्यावर कॅप बसवायची म्हटली तर ती धरणार कशाला? मग सिमेंटसारख्या मसाल्याचा एक खुंट घडवतात, त्याला कोअर म्हणतात. आणि तो खुंटही गुळगुळीत जागेवर उभा राहत नाही, म्हणून मुळाच्या नळीतला वरचा गटापर्चा काढून तिथे एक बारीक दांडी चिकटवतात. ती दांडी म्हणजे पोस्ट. तळाचा चार-पाच मिलिमीटर गटापर्चा तसाच ठेवायचा असतो, नाहीतर खालचं सील उघडं पडतं.

झालं, एवढंच पोस्टचं काम. कोअरला धरून ठेवायचं. ती एक खुंटी आहे हो! खुंटीवर कोट टांगला म्हणून भिंत मजबूत होत नाही. उलट खुंटी ठोकायला भिंतीला भोक पाडावं लागतं.

आता सळईवाल्यांसाठी चार शब्द, कारण हा तर माझाच प्रांत. स्लॅबमध्ये सळई का घालतात? काँक्रीट दाबाला चांगलं, ताणाला कच्चं. स्लॅब वाकला की ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून सळई तिथे, खालच्या अंगाला घालतात. बरोबर मध्यात घातली तर कंत्राटदाराला हाकलून देतील. वाकणाऱ्या कुठल्याही वस्तूच्या मधल्या रेषेवर ताण जवळजवळ शून्य असतो, हे डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. आणि पोस्ट कुठे असतो? दाताच्या बरोब्बर मध्यात! जिथे त्याला काही काम नाही तिथे. दातावर येणारा ताण बाहेरच्या कडांना येतो, आणि तो सोसायला तिथे फक्त तुमचा स्वतःचा दात असतो. तोच कोरून पोस्टला जागा केली तर काय मिळवलं?

वर पोस्ट धातूचा असला तर आणखी गंमत. पोलादाची ताठरता साधारण 200 गिगापास्कल, दाताच्या आतल्या भागाची, म्हणजे डेंटिनची, साधारण 18. सुपारी फोडताना दात किंचित लवतो, पोस्ट लवत नाही. मग सगळा जोर पोस्टच्या टोकाशी गोळा होतो आणि मुळाला आतून फाकवायला बघतो. लाकूड फोडताना आपण काय करतो? पाचर मारतो. तीच ही पाचर, फक्त सिमेंटने चिकटवलेली. त्यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आट्यांचा, स्क्रू पोस्ट. पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेला, दिसायला झकास. तो पिळून बसवतानाच मुळात ताण भरून ठेवतो. आज ना उद्या मूळ उभं चिरलं की खेळ खलास. उभ्या चिरलेल्या मुळाला जवळपास काहीच इलाज नाही. दात काढायचा.

आणि हे काही आज कळलेलं नाही. मुळात दांडी बसवायची कल्पना फार जुनी आहे. पियेर फोशार नावाच्या फ्रेंच माणसाने 1728 मध्ये दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात सोन्या-चांदीच्या दांड्या तापवून मऊ केलेल्या लुकणाने मुळात बसवायचं वर्णन आहे. पुढे लोक लाकडाच्या दांड्या घालू लागले, त्या स्वस्त पडायच्या. त्या लाकडात तोंडातला ओलावा मुरायचा, लाकूड फुगायचं, आणि मूळ फुटायचं. पूर्वी पाथरवट दगड फोडायला भोकांत लाकडी खुंट्या ठोकून वर पाणी ओतायचे, अगदी तसंच. म्हणजे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी स्वतःची मुळं फोडून घेऊन हा धडा शिकून ठेवलाय.

नुसता इंजिनीयरचा हट्ट नको म्हणून थोडे आकडे देतो. 1984 मध्ये सोरेन्सन आणि मार्टिनॉफ या दोघांनी रूट कॅनाल झालेल्या 1273 दातांच्या नोंदी तपासल्या. मागच्या दातांना, म्हणजे दाढा-उपदाढांना, कॅपमुळे स्पष्ट फायदा झालेला दिसला. पोस्टमुळे मजबुती आलेली काही दिसली नाही. त्याच्याही आधी, 1979 मध्ये, गझी आणि निकोल्स यांनी प्रयोगशाळेत पोस्ट घातलेले आणि न घातलेले दात मोडून पाहिले होते, त्यातही पोस्टने काही बळ आलं नाही. म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी गोष्ट! 'मजबूत होईल' हे वाक्य मात्र अजून मस्त हिंडतंय.

त्याचं एक भावंडही आहे. "रूट कॅनाल केला की दात ठिसूळ होतो, सुकलेल्या फांदीसारखा." ही उपमा तर मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. 1989 मध्ये री, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या उपदाढांवर एक साधा प्रयोग केला. कशाकशाने दाताचा ताठपणा किती कमी होतो ते मोजलं. नुसत्या रूट कॅनालने सुमारे 5 टक्के. वरच्या पृष्ठभागावर भरण्यासाठी खड्डा कोरला तर सुमारे 20. आणि दोन्ही बाजूंच्या कडा तोडून आरपार खड्डा केला तर 63 टक्के! म्हणजे दात कमजोर होतो तो नस काढल्याने नाही, भिंती गेल्याने. दात काही फांदी नाही, तो डबा आहे. डब्याच्या बाजू कापल्या की तो चेपतो. मग उपाय काय? उरलेल्या बाजू जपा आणि बाहेरून आवळून धरा. आत दांडी खोचून डबा कसा सुधारणार?

बाहेरून आवळून धरणं, सगळी मेख इथेच आहे. ज्यांनी बैलगाडी जवळून पाहिलीय त्यांना चाकाची धाव आठवत असेल. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवायची, ती निवली की आकसून चाकाला अशी पकडते की लाकूड वर्षानुवर्षं फाकत नाही. सुताराच्या पटाशीच्या मुठीलाही असंच कडं असतं, हातोडा बसला तरी मूठ चिरू नये म्हणून. कॅपने नेमकं हेच करायचं असतं. हिरडीच्या वर तुमच्या स्वतःच्या दाताची निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीची भिंत सगळीकडून उरलेली असावी, आणि कॅपच्या कडेने तिला कड्यासारखं धरावं. डेंटिस्ट लोक याला फेरूल म्हणतात. फेरूल असेल तर पोस्ट कुठल्या जातीचा यावाचून फारसं अडत नाही. फेरूल नसेल तर हिऱ्याचा पोस्ट घाला, कॅप कधीतरी डुलायला लागणार, नाहीतर मूळ जाणार.

दीड-दोन मिलिमीटर! तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं. एवढ्यावर सगळा खेळ, आणि आपण काय विचारतो? "पोस्ट इम्पोर्टेड आहे ना?"

माझ्या धाकट्या मेहुण्याचंच घ्या. (त्याची परवानगी घेतलीय, म्हणाला, लिही बिनधास्त.) खालची दाढ किडली, रूट कॅनाल झालं. दाढेच्या चारपैकी तीन भिंती शाबूत. आता दाढेत पोस्ट लागण्याची वेळ तशी कमीच येते, कारण तिची मधली पोकळी ऐसपैस असते, मसाला तिथेच घट्ट बसतो. पण त्या दवाखान्यात त्याला सांगितलं गेलं की मजबुतीसाठी दोन पोस्ट लागतील. दोन स्क्रू पोस्ट बसले. बिलात त्यांची वेगळी ओळ. मग खर्च फार झाला म्हणून कॅपचं "पुढच्या महिन्यात बघू" झालं. तो पुढचा महिना चौदा महिन्यांनी आला. तिसऱ्या वर्षी हिरडीला पू धरला, एक्स-रेमध्ये मुळाच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत काळी सावली. उभी चीर. दाढ काढली. त्याला वर ऐकून काय घ्यावं लागलं? "तुमचा दातच मुळात कमकुवत होता."

याचा मला खरा संताप येतो. पाचर तुम्ही मारायची आणि लाकडाला नावं ठेवायची!

आता मेहुण्याच्या बाजूनेही पाहू. त्याने पैसे वाचवले ते चुकीच्या जागी, हे खरं. पण त्याला पोस्ट आवश्यक आणि कॅप ऐच्छिक असं सांगितलं होतं. नेमकं उलटं! 2002 मध्ये ॲक्विलिनो आणि कॅप्लान यांचा अभ्यास आला, त्यात रूट कॅनालनंतर कॅप न घातलेले दात कॅप घातलेल्या दातांच्या सहापट वेगाने गेल्याचं दिसलं. आपल्याकडे बहुतेकांच्या आरोग्य विम्यात दातांचा असा खर्च बसत नाही, सगळं खिशातून. माणूस कुठेतरी हात आखडता घेणारच. म्हणूनच कुठे घ्यावा हे त्याला नीट सांगायला नको का? दाढेचा पोस्ट टाळून ते पैसे कॅपकडे वळवले असते तर ती दाढ आज कदाचित शेंगदाणे चावत असती.

(यावर पुतणी म्हणते, काका, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. कबूल. दोन भिंतींच्या मध्ये तासभर मान वाकडी करून दात वाचवणारे डॉक्टर मी पाहिलेत. आणि "पोस्ट नको, थोडा दात जपून कोरतो" असं सांगणाऱ्याला पेशंट "हा स्वस्तातलं करतो वाटतं" म्हणून सोडून जातो, हेही पाहिलंय. स्क्रू लागला म्हणजे काम पक्कं झालं, ही आपलीच समजूत.)

म्हणजे पोस्ट वाईटच का? मुळीच नाही. मी त्याच्या खोट्या जाहिरातीवर चिडलोय, त्याच्यावर नाही. आमच्या वहिनी स्कूटरवरून पडल्या तेव्हा वरचा पटाशीचा दात हिरडीपासून जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरवर तुटला. पुढचा दात, एकच बारीक नळी, वर काही धरायला नाही. इथे पोस्ट पाहिजेच. त्यांना काचेच्या तंतूंचा, फायबर पोस्ट बसवला. 1990च्या सुमाराला फ्रान्समध्ये आधी कार्बन तंतूंचे पोस्ट आले, पण ते काळे, पुढच्या दातात दिसायचे. मग काचतंतूंचे पांढरे आले. त्यांची ताठरता पोलादापेक्षा खूप कमी, डेंटिनच्या बरीच जवळ. जोर आला तर ते दाताबरोबर थोडे लवतात. आणि बिघडले तर बहुतेक वेळा सुटून येतात, मूळ शाबूत राहतं, पुन्हा चिकटवता येतं. खुंटी निघून आली तर चालेल, भिंत पडता कामा नये, एवढा हिशोब.

वहिनींच्या डॉक्टरबाईंनी दाताभोवती रबराचा पडदा लावून काम केलं, थुंकी आत जाऊ दिली नाही. नळी आहे त्याहून रुंद केली नाही. उरलेल्या दातावर मोजपट्टी लावून भिंत किती आहे ते वहिनींना आरशात दाखवलं. एका बाजूला ती कमी होती, तर हिरडी आणि खालचं हाड थोडं कमी करून आतला दात उघडा केला, मग कॅप. दुसरा एक मार्ग म्हणजे तार लावून मूळ हळूहळू वर ओढून घेणं. वेळ लागतो, पण पुढच्या दातांत उपयोगी पडतो. बाईंनी 'मजबूत' हा शब्द एकदाही वापरला नाही. म्हणाल्या, "हा दात तुम्ही जपलात तर टिकेल. याने ऊस सोलायचा नाही."

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. त्यांचं म्हणणं, कशाला ही दाताच्या कण्या करत बसण्याची हौस, काढून टाका आणि इम्प्लांट बसवा. इम्प्लांट ही चांगलीच सोय आहे, दात उरलाच नसेल तर. पण नैसर्गिक मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, भाकरीत खडा आला की ती क्षणात सांगते. इम्प्लांट हाडाला थेट जखडलेलं असतं, त्याला ती गादी नाही. त्याच्याभोवतीही हिरडी सुजते, हाड झिजतं. आणि काढलेला दात परत येत नाही. भिंत उरली असेल तर आधी ती वाचवायची, नसेलच तर सरळ काढायचा. मधल्यामध्ये, भिंत नसताना पोस्ट खोचून दोन वर्षं ढकलायची आणि मग इम्प्लांटचे पैसे घ्यायचे, हा दोन्हीकडून मार. पहिल्याच दिवशी "हा दात वाचण्यातला नाही" असं स्पष्ट सांगणारा डॉक्टर मला जास्त प्रामाणिक वाटतो.

आता हे सगळं आजच का लिहिलं, तर आत्यासाठी. तिची वरची उपदाढ मोडलीय, हे आमच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. उपदाढेची मुळं बारीक, एका बाजूने चिमटलेली असतात, आत जाड दांडी घातली तर भिंत कुठे पातळ होते ते कळतही नाही. वय 71, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. एका ठिकाणी "पोस्ट टाकून मजबूत करू" सांगितलंय, दुसऱ्या ठिकाणी "काढा". दोघांनीही भिंत किती उरलीय ते सांगितलेलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी मी तिच्याबरोबर जातोय. कागदावर एवढंच लिहून घेतलंय: हिरडीच्या वर माझा स्वतःचा दात चारी बाजूंनी किती मिलिमीटर आहे? पोस्टशिवाय कोअर बसेल का? बसणार नसेल तर कुठल्या मुळात आणि कसला पोस्ट, आट्यांचा तर नाही ना? खाली गटापर्चा किती राहील? आणि कॅप किती दिवसांत?

तोवर कृपा करून तिला कोणी फोन करून "टाकून घे पोस्ट, घट्ट होईल" असं सांगू नका. विशेषतः नागपूरकरांनी. :)